मास्तर, त्या पाण्याच्या थेंबाबद्दल मनापासून आभार

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

लेदरच्या सोफ्याची निगा कशी राखावी हे तुम्ही हातचं काहीही न राखता शिकवलंत, त्याचे आभार मानायला हे पत्र. चारचौघांत लिहितो आहोत, कारण ज्यांच्या घरी असा सोफा आहे त्या सगळ्यांना तुमची शिकवण आजच कामी येईल.

सगळ्यात आधी त्या थेंबाबद्दल आभार. साबणाला, क्रीमला, कशालाच हात लावण्यापूर्वी सोफ्याच्या मागे, खालच्या कडेजवळ, बोटाच्या टोकाने पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि मिनिटभर नुसतं बघत राहायचं. थेंब टपोरा, गोल बसून राहिला तर चामड्यावर रंगाचा आणि संरक्षक लेपाचा थर आहे. घरोघरचे बहुतेक लेदर सोफे याच जातीचे. थेंब हळूहळू पसरला, आत जिरला आणि जागा गडद झाली, तर ते ॲनिलिन, म्हणजे रंगात मुरवलेलं पण वर जवळजवळ लेप नसलेलं चामडं. त्यावर चूक झाली की ती आतपर्यंत जाते, म्हणून तिथे फक्त कोरडी सफाई आणि ॲनिलिनसाठीच बनवलेलं क्लीनर. हाताला मखमलीसारखं लागणारं नुबक किंवा स्वेड असेल तर पाणी नाहीच; मऊ ब्रश आणि त्यासाठी मिळणारं खोडरबर. थेंब न टाकता थेट पुसायला घेतलं की ॲनिलिनवर पाण्याचे डाग पडतात आणि ते सहसा जात नाहीत.

पुढचं सगळं लेपवाल्या चामड्याचं.

धूळ दिसायला मऊ असली तरी तिच्यात बारीक वाळू असते, हे तुम्ही सांधा उघडून दाखवलंत. सीट आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेत बोट घालून बाहेर काढलं की टोकाला करडी, खरखरीत पूड लागते. माणूस बसला-उठला की तीच पूड पॉलिश पेपरसारखी लेप घासत राहते, आणि शिवणीत साठली तर दोराही कापते. म्हणून आठवड्यातून एकदा व्हॅक्युम क्लीनरला मऊ केसांचा ब्रश लावून आधी खाचा, मग शिवणी, मग सपाट भाग. त्यानंतरच ओलं काम.

ओल्या कामाचं तुमचं माप आम्ही तसंच पाळतो. अर्धा लिटर कोमट पाणी, त्यात अर्धा चमचा सौम्य, पीएच न्यूट्रल, म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी, असा लिक्विड साबण. पाणी जड असेल तर डिस्टिल्ड घ्यायचं, नाहीतर क्षारांची पांढरी रेघ उमटते. पाणी घुसळून वर आलेला फेसच तेवढा मायक्रोफायबरच्या कापडावर घ्यायचा. कापड पिळल्यावर एकही थेंब गळता कामा नये. हलक्या हाताने गोल फिरवत पुसायचं, लगेच साध्या पाण्यात पिळलेल्या कापडाने साबण काढायचा, आणि तिसऱ्या, कोरड्या कापडाने टिपायचं. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत पूर्ण करूनच थांबायचं. मधेच सोडलं तर वाळताना कड उमटते. हेअर ड्रायर वर्ज्य, कारण ओलं चामडं उष्णतेने आकसतं आणि कडक होतं.

खाण्याचा सोडा आणि अमोनिया का नको, याचं कारणही तुम्ही दिलंत, नुसता हुकूम दिला नाहीत. कमावलेलं चामडं मुळात किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण 3.5 ते 5. अल्कधर्मी पदार्थ वारंवार लागला की लेप कमकुवत होतो आणि आतलं चामडं कोरडं, ठिसूळ पडू लागतं.

पण तुमचे खरे ऋण तेलाच्या बाबतीतले. ‘चामडं तहानलं की तडकतं, म्हणून तेल पाजा’ हा समज घरोघरी आहे. लेप शाबूत असेल तर तेल आत जातच नाही, वरच बसतं, चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. जिथे लेप उडालाय तिथे ते आत शिरून काळपट डाग पाडतं, आणि स्वयंपाकाचं तेल कालांतराने खवट होतं. हात टेकायच्या आणि डोकं टेकायच्या जागा सगळ्यात आधी का बिघडतात? तिथे घाम आणि केसांचं तेल रोज मुरतं, लेप मऊ पडतो आणि मग रंग सुटतो. म्हणजे त्या जागेला हवी असते सफाई, आणि आपण वरून आणखी तेल घालतो! या दोन जागा दर महिन्याला पुसाव्यात. कंडिशनर, म्हणजे चामडं मऊ ठेवणारं क्रीम, मात्र सहा महिन्यांतून एकदा पुरे, तोही पाण्यावर आधारलेला, स्वच्छ चामड्यावर, एका सीटला नाण्याएवढा. आधी आडोशाच्या जागी लावून एक दिवस थांबायचं.

डागांचं थोडक्यात. तेल सांडलं तर पाणी लावायचं नाही. टिश्यूने टिपून वर टाल्कम पावडर रात्रभर, सकाळी ब्रशने झटकायची, गरज वाटल्यास पुन्हा. बॉलपेनच्या शाईवर नेलपॉलिश रिमूव्हर कधीच नको, ते शाईबरोबर लेपही विरघळवतं. शाई ताजी असेल तर लेदरसाठीचं शाई काढायचं द्रव्य कापसाच्या काडीवर घेऊन काडी घोळवायची, घासायची नाही. शाई जुनी असेल तर कारागिराकडेच.

बुरशी आली तर खिडक्या उघडून, तोंडाला मास्क बांधून, आधी कोरड्या ब्रशने ती काढायची आणि ब्रश बाहेर झटकायचा. मग वर सांगितलेली तीच फेसाची सफाई. खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. सोफा झाकायला प्लॅस्टिक नको, त्याखाली दमटपणा कोंडतो. सुती चादर बरी. थेट ऊन आणि हीटर यांपासून निदान अर्धा मीटर लांब.

आणि एका गोष्टीसाठी विशेष आभार, कारण ती सांगायला धीर लागतो. ज्या सोफ्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात आणि खाली विणलेलं कापड दिसतं, ते अखंड चामडं नसतं. ते रेक्झिन असतं, किंवा चामड्याचा भुगा चिकटवून केलेलं बॉन्डेड लेदर. वरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने तुटत जातो, आणि कुठलंही क्रीम तो परत जोडत नाही. हे तुम्ही समोरच्याला काम घेण्याआधी, पापुद्रा त्याच्याच तळहातावर ठेवून सांगता. आता आम्हीही तसंच सांगतो.

आपले कृतज्ञ,
तुमच्या हाताखाली शिकलेले सर्वजण