आईच्या थायरॉइडच्या रिपोर्टविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेले आईच्या तपासणीचे कागद मी नीट वाचले, आपल्या डॉक्टरांशीही बोलले. फोनवर एका विषयातून दुसरा विषय निघत जातो आणि मुख्य गोष्ट राहून जाते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. बाबांनी ज्या आकड्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या आहेत, त्या 'अँटी-टीपीओ ४१२' पेक्षा त्याच्या वर साध्या अक्षरांत छापलेले दोन आकडे आज अधिक महत्त्वाचे आहेत, एवढे आधी लक्षात घ्या.

त्यांपैकी पहिला टीएसएच, तो ६.२ म्हणजे मर्यादेपेक्षा थोडा जास्त आहे, दुसरा फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडने तयार केलेले संप्रेरक, तो मर्यादेत आहे. टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी सोडते आणि थायरॉइडला काम करायला लावते. थायरॉइड मंदावू लागली की टीएसएच वाढतो. आईची ग्रंथी पुरेसे संप्रेरक आजही तयार करते आहे, मात्र ते करवून घेण्यासाठी पियुषिकेला थोडा जास्त आग्रह धरावा लागतो आहे. डॉक्टर याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड मंदावण्याची सौम्य पायरी, म्हणतात. वयाबरोबर टीएसएच थोडा चढतोच, त्यामुळे अडुसष्टाव्या वर्षीचा ६.२ आणि तिशीतला ६.२ यांना एकच माप लावता येत नाही.

आता त्या ४१२ विषयी. थायरॉइडमध्ये आयोडीन जोडून संप्रेरक घडवण्याचे काम टीपीओ नावाचे एक विकर (एन्झाइम) करते. आईच्या रक्तात या विकराविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या आहेत, म्हणजे तिची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीला परके समजू लागली आहे. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ साली चार स्त्रियांच्या थायरॉइडमध्ये पांढऱ्या पेशींची दाटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिचे वर्णन केले, म्हणून या आजाराला त्याचे नाव मिळाले. रक्तातल्या अँटीबॉडींचा शोध मात्र १९५६ पर्यंत लागला नव्हता. ग्रंथीची खरी झीज मुख्यतः त्या पांढऱ्या पेशी करतात. अँटीबॉडी ही त्या प्रक्रियेची खूण आहे. भिंतीवर ओलीचा डाग दिसला तर पाणी मुरते आहे एवढे कळते, भिंत किती कमकुवत झाली ते डागाच्या आकारावरून सांगता येत नाही; तसेच हे आहे.

म्हणूनच, बाबा, मर्यादा ३४ आणि आकडा ४१२, म्हणजे आजार बारापट, हे तुमचे गणित इथे लागू पडत नाही. ही मर्यादासुद्धा प्रत्येक प्रयोगशाळेच्या यंत्रानुसार बदलते. कुठे ती ६ च्या आत असते, तर कुठे ६०. दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून काही निष्पन्न होत नाही, आणि एकदा अँटीबॉडी आहेत हे कळल्यावर दर सहा महिन्यांनी त्या मोजत राहण्यातही अर्थ नाही. तपासणीच्या पॅकेजमध्ये ती चाचणी असते म्हणून ती होते, आणि घरातल्यांची झोप जाते.

या खुणेचा उपयोग पुढचा अंदाज बांधण्यासाठी होतो. इंग्लंडमधल्या व्हिकम भागातल्या लोकांची १९७० च्या दशकात तपासणी झाली आणि वीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासण्यात आले. ज्या स्त्रियांचा टीएसएच वाढलेला होता आणि अँटीबॉडीही होत्या, त्यांच्यातल्या शंभरात सुमारे चौघींना दर वर्षी पूर्ण हायपोथायरॉइडिझम झाला. ज्यांच्यात फक्त अँटीबॉडी होत्या, त्यांच्यात हे प्रमाण दोनच्या आसपास होते. आई पहिल्या गटात बसते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायला हवे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण एका वर्षापुरते पाहिले तर शंभरातल्या शहाण्णव जणी जिथल्या तिथे असतात, हेही त्याच अभ्यासाने दाखवले.

शेजारच्या काकूंनी 'लगेच गोळी सुरू करा' असे सांगितले आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु त्यांना गोळी लागली म्हणून आईलाही लागेल असे नाही. पासष्टीच्या पुढच्या, अशाच सौम्य वाढीच्या ७३७ जणांवर युरोपात एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. त्यांचा सरासरी टीएसएच ६.४ होता, म्हणजे जवळपास आईइतकाच. वर्षभर थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाचीच गोळी, घेतल्याने आकडा खाली आला. थकवा आणि इतर तक्रारी मात्र औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांइतक्याच राहिल्या. उलट या वयात मात्रा जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि आईच्या हाडांची घनता आधीच कमी आहे. टीएसएच १० च्या वर गेला तर विचार बदलतो. तेव्हा आपले डॉक्टर लहान मात्रेपासून सुरुवात करतील, आणि ती गोळी पहाटे उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी आणि कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास दूर घ्यावी लागेल.

आई, तुझ्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. केस गळतात म्हणून तू ज्या गोळ्या घेतेस त्यांत बायोटिन आहे, आणि भरपूर आहे. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडच्या चाचण्या चुकीचे आकडे दाखवतात. टीएसएच खोटा कमी दिसतो, बाकीचे आकडे खोटे जास्त दिसू शकतात. डॉक्टरांना त्या गोळ्यांबद्दल सांग आणि पुढच्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेव. ही तपासणी दोन-तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, सकाळी साधारण त्याच वेळी करायची आहे, आणि तीही फक्त टीएसएच आणि फ्री टी-४ एवढीच. त्याबरोबर बी-१२ मात्र पाहून घेऊ, कारण अशा लोकांत त्याची कमतरता अधिक आढळते आणि तुझ्या तळपायांना मुंग्या येतात.

कोबी सोडू नकोस. शिजवलेल्या कोबी-फुलकोबीने काही बिघडत नाही, आणि आयोडीनयुक्त मीठही नेहमीसारखेच वापर. आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र कुणीही सांगितल्या तरी घेऊ नकोस, कारण अशा ग्रंथीला जादा आयोडीन मानवत नाही. गळ्याशी सूज दिसली, आवाज घोगरा झाला, बद्धकोष्ठ वाढले किंवा दिवसा फार सुस्ती येऊ लागली, तर तीन महिने वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे.

हा आजार घराण्यात चालतो, म्हणून मीही माझा टीएसएच करून घेते आणि दादालाही कळवते. बाबा, निळ्या फायलीत आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या असतील. त्यांत टीएसएच केलेला असेल तर त्या पानाचा फोटो पाठवा, म्हणजे हा आकडा अलीकडे चढला की बरीच वर्षे इथेच आहे, ते डॉक्टरांना सांगता येईल.

तुमची,
धाकटी