जाम झालेल्या टोपीला दोन रात्री द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या या सदरात रस्ते, पाणी, बसगाड्या, सीमाप्रश्न यांवर पत्रं येतात. मीही मागे दोनदा लिहिलं आहे. आजचा विषय त्या मानाने लिंबाएवढा आहे. मोटरसायकलच्या पुढच्या शॉकपच्या नळीवर, हँडलच्या खाली जी टोपी घट्ट बसवलेली असते, तिच्याबद्दल लिहितोय. हसू नका. या टोपीपायी गेल्या महिन्यात माझी दोन रात्री झोप गेली.

मी राहणार खानापूरचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ३१ वर्षं लेथ चालवली, आता घरी असतो. १९९३ साली नवी घेतलेली आरएक्स १०० अजून दारात उभी आहे. खानापूर ते उद्यमबाग रोज जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर तिने केले, आणि सुट्टीत जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरून गोव्यालाही नेलं. म्हणजे आमच्या तालुक्याचा पाऊस, तांबडी राड आणि वर समुद्राची खारी हवा, असं सगळं तिने खाल्लेलं आहे.

गणपतीच्या आधी उजव्या नळीचं ऑइल सील, म्हणजे आतलं तेल अडवणारी रबरी कडी, गळायला लागलं. तेल ओघळून खाली ड्रमपर्यंत यायच्या आत सील बदलू म्हटलं आणि गाडी बेळगावात एका गॅरेजला नेली. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण निम्मा दोष माझा आहे. पोरगं वीस-बावीस वर्षांचं, हाताला चपळ. मीच म्हणालो, "उभ्या उभ्या करून दे रे, मला लवकर परत जायचंय." तो म्हणाला, "दहा मिनिटं, मामा." मी समोर चहाला गेलो.

परत आलो तर रिंग पान्याला हातभर पाइप लावून तो लोंबकळत होता. पाना सुटला, टोपीचे कोपरे गोल झाले. मग छिन्नी आली. शेजारच्या दुकानातले एक वयस्क गृहस्थ तिथून कानडीत म्हणाले, "सावकाश बिच्चरी!" म्हणजे सावकाश सोडवा. सावकाश हा शब्द आमच्याकडे मराठीत नि कानडीत एकच आहे, तरी त्या दिवशी दोन्ही भाषांत कुणी ऐकला नाही. छिन्नीच्या चौथ्या घावाला टोपीच्या कडेचा लचका उडाला. टोपी मात्र जागची हलली नाही. ३१ वर्षं आटे पाडण्यात घालवलेला माणूस हातात चहाचा ग्लास घेऊन हे बघत उभा होता, याची मला जास्त लाज वाटली.

टोपी जाम का होते ते साधं आहे. ती उघडतच नाही कुणी. शॉकपचं तेल अधूनमधून बदलायचं असतं हे कागदावर. आपण सील गळेपर्यंत वाट बघतो. तोवर टोपीच्या वरच्या खळग्यात पावसाचं पाणी साचतं, सर्व्हिसिंगला फवाऱ्याचं पाणी जोरात बसतं आणि ते आट्यांत उतरतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे बारीक आट्यांत तो पाचर ठोकल्यासारखा बसतो. काही गाड्यांत टोपी अ‍ॅल्युमिनियमची आणि नळी पोलादी असते. तिथे ओल लागली की दोन धातूंत कुरबूर सुरू होते आणि पांढरी पूड धरते. ती गंजाहून हट्टी. त्यात आधीच्या कुणी शहाण्याने पाइप लावून आवळलेली असली की संपलंच.

गाडी टेम्पोत घालून घरी आणली. पुढचं काम मी घराच्या सोप्यात केलं, ते थोडं तपशिलात सांगतो, कारण हेच गॅरेजात होत नाही.

पहिलं म्हणजे पुढचे शॉकप गाडीतून काढायचे नाहीत. नळी बाहेर काढून वाईसमध्ये धरली की ती तरी चेपते नाहीतर तिचं क्रोम तरी ओरबाडतं, आणि मग नवं सीलही गळतं. नळी गाडीतच राहू द्यावी, खालच्या टीचे (टी म्हणजे दोन्ही नळ्यांना धरणारी आडवी पट्टी, एक वर नि एक खाली) बोल्ट आवळलेले ठेवावेत, तेच तिला धरून ठेवतात. ज्या गाड्यांना वरच्या टीलाही आवळायचा बोल्ट असतो, तो मात्र आधी सैल करावा. नाहीतर ती टी नळीला बाहेरून दाबत राहते आणि आतली टोपी आणखी आवळली जाते. हे एवढं न केल्यामुळे किती टोप्या फुकट गेल्या असतील, देव जाणे. हँडलचे क्लॅम्प सोडून हँडल मागे टाकीवर निजवलं. खाली जुनी गोधडी घातली होती, टाकीला चरा नको म्हणून.

मग तेल. वरून दोन थेंब सोडले तर ते ओघळून जातं, आट्यांपर्यंत पोचतच नाही. वैद्य कंबरेवर कटीबस्ती करतात ना, उडदाच्या पिठाचा बांध घालून आत तेल ठेवतात, तसाच बांध मी टोपीभोवती घातला. घरात उडदाचं पीठ होतंच. सौ. म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला कधी एवढं केलं नाही." बांधात गंज सोडवायचं पातळ तेल भरलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी पितळेचा तुकडा टोपीवर ठेवून हातोडीने हलके ठोके दिले, पंचवीस-तीस, दार वाजवावं इतपतच. गंजाला जोर लागत नाही, हादरा लागतो. पुन्हा तेल, पुन्हा रात्र.

जाळ दाखवायचा नाही हे मोठ्या अक्षरात छापा. नळीत तेल असतं, वरून टोपीने बंद, खाली सीलने बंद. गॅसची बत्ती लावणं म्हणजे बंद डबा चुलीवर ठेवणं. मी चिंधी गुंडाळून किटलीतलं उकळतं पाणी ओतलं, एवढी ऊब पुरते. अ‍ॅल्युमिनियमची टोपी असेल तर गरम असताना झटू नये; अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे गरमीत टोपी उलट घट्ट होते. निवू द्यावं. निवताना पूड तडकते.

आणि पाना. या टोपीचा षटकोन उंचीला फार कमी असतो. बाजारातल्या गोटीच्या, म्हणजे बोल्टवर टोपणासारख्या बसणाऱ्या पान्याच्या, तोंडाला आतून उतार दिलेला असतो, त्यामुळे गोटी षटकोनावर निम्मीच बसते आणि कोपरे खाते. मी सहा कोनी गोटी घेऊन तिचं तोंड ग्राइंडरवर सपाट घासून घेतलं. पाच मिनिटांचं काम आहे, कुठलाही मेस्त्री करू शकतो. बारा कोनी गोटी इथे हातात धरूच नये. माझ्या टोपीचे कोपरे आधीच गेलेले, म्हणून कानशीने घासून एक नंबर लहान गोटी बसेल असा नवा षटकोन काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आधी आवळायच्या दिशेला केसभर दाब दिला, मग उलट. 'कर्र' असा आवाज आला. तो आवाज ज्याने ऐकला असेल त्यालाच कळेल. लगेच थांबलो. पुन्हा केसभर आत, पुन्हा बाहेर. शेवटचे आटे सुटायच्या आधी गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा दिला आणि टोपीवर तळहात दाबून धरला. आत दाबलेली स्प्रिंग असते. आमच्या वर्कशॉपात एकदा अशी टोपी उडून पत्र्याला पोचा पाडून आली होती, चेहरा मध्ये असता तर काय झालं असतं ते सांगायला नको. आतलं तेल राखेसारखं करडं, आणि वास सडक्या मासळीचा.

लचका उडालेली टोपी परत लावण्यात अर्थ नव्हता. जुन्या मालकांना विचारून त्यांच्या लेथवर नवी पाडली. पिच गेजने आटे मोजले, ओ-रिंग नवी घातली, आट्यांना बोटभर ग्रीस. बसवताना आधी उलटी फिरवली. 'टक' करून आटा आट्यात पडला की मगच सरळ. असं केलं की आटे एकमेकांवर चढत नाहीत.

आता माझं म्हणणं. गॅरेजवाल्या पोराला एवढं सगळं येत नसेल असं मला वाटत नाही. पण दोन रात्री गाडी ठेवून घेतो म्हटलं तर आपण ती उचलून समोरच्याकडे नेतो, आणि तेल घालून ठेवण्याचे पैसे मागितले तर "केलंस काय तू?" असं विचारतो. मग तो छिन्नी घेणार नाही तर काय करणार? पाऊस आला की कणकुंबी-जांबोटीकडच्या, नंदगडकडच्या किती जुन्या आरएक्स, येझदी, सीडी १०० गॅरेजांत येतात. त्यांच्या मालकांना विनंती एवढीच की मेस्त्रीला म्हणा, "टोपी हलत नसेल तर ठेव, परवा येतो," आणि त्या दोन रात्रींचे पैसे द्या. गॅरेजवाल्यांनीही टोपीला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगावं.

त्या पोराकडे मी परत गेलो होतो. घासलेली गोटी त्याला दिली. त्याने उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मामा, डावी बाजू काढली काय?"

नाही काढली अजून. हे पत्र लिहितोय तेव्हा डाव्या टोपीला उडदाचा बांध आहे आणि ही पहिलीच रात्र आहे.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त टर्नर)
खानापूर, जि. बेळगाव