दादा, सोनूला तुझी घाण वाटत नाही

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

फोनवर हे नीट बोलणं होत नाही, मधेच तू चिडतोस आणि वहिनी रडायला लागतात, म्हणून लिहून पाठवतेय. दोघं मिळून वाचा.

दादा, तू म्हणालास की द्राक्षबागेत राबून सोनूला शिकवला आणि आता याला बापाचीच घाण वाटते, दारात अडवतो, मी बसलेल्या खुर्चीवर बसत नाही. तुला ते किती लागलंय ते कळतंय मला. पण गणपतीत तिकडे आले होते तेव्हा मी त्याला मोरीत बघितलंय. नळ कोपराने उघडला, मग कोपरापासून खाली साबण, मग एकेक बोट मोजून, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, मोजणी चुकली की परत पहिल्यापासून. बोटांच्या पेरांना चिरा पडून रक्त येत होतं आणि पोरगा घामाघूम झाला होता. खूप वेळाने बोलला, "आत्या, बाबांच्या कपड्यावरचं फवारणीचं औषध माझ्या हाताला लागलं आणि तेच आईच्या ताटाला लागलं तर?" म्हणजे भीती तुझी नाहीये दादा, आपल्या हातून आईचं काहीतरी बरंवाईट होईल याची आहे. आणि हे अती होतंय हे त्याचं त्यालाही कळतं, तरी थांबता येत नाही, यातच तो पिचून गेलाय.

याला ओसीडी म्हणतात, म्हणजे नको ते भीतीचे विचार परत परत येतात आणि ते शमवायला एकच गोष्ट परत परत करावी लागते. इथे इंग्लंडात लेस्टरला आमच्या क्लिनिकमध्ये असे पेशंट नेहमी येतात, शंभरात एक-दोघांना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो आणि बऱ्याच जणांना विशीच्या आसपासच सुरू होतो. करणी नाही, बाहेरचं नाही, आणि आईला वाटतं तसं नातू सोवळं पाळतोय असंही नाही. हात धुतले की त्याला दोन मिनिटं बरं वाटतं, म्हणून मेंदू शिकतो की धुतलं म्हणूनच आई वाचली, आणि पुढच्या वेळी शंका आणखी जोरात येते.

वहिनी, तुमच्याबद्दल थोडं. तो दिवसभर विचारतो "आई तुला काही होत नाहीये ना" आणि तुम्ही दरवेळी "नाही रे राजा" म्हणता, त्याचं ताट वेगळं धुता, हे सगळं मायेने करता पण त्याने आजारालाच खतपाणी मिळतं. लगेच सगळं बंद करू नका हं, तो कोलमडेल. डॉक्टरांबरोबर आणि त्याच्याबरोबर ठरवून एकेक गोष्ट कमी करायची, आणि तोवर त्याला रागवायचं नाही, मोरीचं दार वाजवायचं नाही.

फवारणीचं औषध विषारी असतंच, त्यामुळे फवारून आल्यावर कपडे बदलून, अंघोळ करूनच आत ये, ते कपडे वेगळे धुवा, एवढं सगळ्यांसाठीच बरोबर आहे. फवारणी नसलेल्या दिवशीही तो अडवतो तो आजार.

यावर उपाय आहे. लंडनच्या व्हिक्टर मेयर नावाच्या सायकॉलॉजिस्टने १९६६ मध्ये दोन पेशंटबद्दल लिहिलं होतं, भीती वाटते त्या वस्तूला हात लावायला सांगायचं आणि नंतर धुऊ द्यायचं नाही, आजची थेरपी त्यातूनच वाढली. ती घरी मनाने करू नका, शिकलेल्या माणसाकडूनच, सोप्यापासून अवघडाकडे. गोळ्याही लागतील कदाचित, त्यांचा नीट फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, म्हणून पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून बंद करू नका प्लीज. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजला सायकिॲट्रीची, म्हणजे मनाच्या आजारांची, ओपीडी आहे, तासगावहून सकाळी निघालात तर होईल. जायच्या आधी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री-अपरात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलतात. जगावंसं वाटत नाही असं काही तो बोलला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि काका म्हणतात तसं लग्न करून देऊ नका रे, लग्नाने हा आजार बरा होत नाही आणि परक्याची पोरगी यात ओढली जाईल.

दादा, तू एकदा त्याच्याजवळ बस आणि एवढंच म्हण की आत्याने सांगितलं, तू आईसाठी घाबरतोस ते. बाकी काही विचारू नकोस. डॉक्टरांचा सगळा खर्च मी बघते. रविवारी रात्री फोन करते, त्याला बोलायचं असेल तर दे त्याच्याकडे.

तुझी,
बहीण