रोलर विकताना सुईची लांबी का सांगत नाहीत?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी डर्मा रोलर, म्हणजे बारीक सुया लावलेला छोटा रूळ, फिरवून चेहरा उजळवण्याची कृती छापून आली होती. रोलर कसा धरायचा, कुठल्या दिशेने फिरवायचा, नंतर काय लावायचं, सगळं होतं. सुया किती मिलिमीटरच्या असाव्यात, हे मात्र कुठेच नव्हतं. मी १९८४ पासून चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, आणि हीच गाळलेली गोष्ट माझ्या घरात नडली.

गेल्या महिन्यात माझी पुतणी तोंडाला ओढणी बांधून आली. "काकू, कुणाला सांगू नका." गालावर मुरुमांचे जुने खड्डे, आणि तीन आठवड्यांवर साखरपुडा. तिने ऑनलाइन रोलर मागवला होता, दीड मिलिमीटर सुयांचा. जितकी लांब सुई तितका लवकर फरक, असं मैत्रिणीने सांगितलेलं. हनुवटीवर दोन पिकलेल्या पुळ्या होत्या, त्यांच्यावरूनही तो फिरवला आणि लगेच वरून व्हिटॅमिन सी सीरम चोळलं. चौथ्या दिवशी गालभर पुळ्या उठल्या होत्या, आणि त्या रोलर गेला त्याच रेषांत.

तो रोलर मी मागून घेतला. बाथरूममध्ये ब्रशच्या पेल्यात उभा असायचा म्हणे. त्यावरून कापसाचा बोळा हलकेच ओढला, तर तीन ठिकाणी धागे अडकले. मी नोकरीला लागले तेव्हा काचेच्या सिरिंज आणि सुया उकळून पुन्हा वापरत. प्रत्येक सुई अशी कापसावरून ओढून बघायची आणि धागा अडकला की ती बाजूला काढायची, ही आमची शिस्त होती. टोक वाकलेली सुई नुसती टोचत नाही, कातडी फाडते. इथे तर एका रोलरवर दोनशेच्या आसपास सुया, काहींवर पाचशेच्याही वर. घरी त्या कोण तपासणार?

हा उपचार थोतांड नाही, हेही सांगायला हवं. मुरुमांचे खड्डे त्याने खरोखर उथळ होतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ मध्ये सुया टोचणाऱ्या एका उपकरणाला चेहऱ्यावरच्या मुरुमांच्या व्रणांसाठी मान्यता दिली, तीही वय वर्षे २२ आणि त्यापुढच्यांसाठी. आपल्या मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी टक्कल पडणाऱ्या १०० पुरुषांवर १२ आठवडे अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. केस वाढवणाऱ्या मिनॉक्सिडिल या औषधाच्या जोडीला दर आठवड्याला दीड मिलिमीटरचा रोलर फिरवलेल्यांचे केस नुसतं औषध लावणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वाढले. पण तिथे रोलर डॉक्टरांच्या हातात होता आणि टोचल्यावर २४ तास औषध लावायचं नाही, असं बजावलेलं होतं.

चेहऱ्याच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर जेमतेम ०.१ मिलिमीटरचा. ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या सुयांनी क्रीम जास्त मुरतं, थोडे दिवस तजेला दिसतो, एवढंच. खड्डा भरायला खालच्या थरात नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार व्हावं लागतं आणि त्यासाठी सुई रक्ताचे थेंब दिसतील इतकी आत जावी लागते. म्हणजे ज्या लांबीने खड्डे भरतात ती घरी वापरायची नाही, आणि घरी चालते तिने खड्डे भरत नाहीत. हे एक वाक्य पुतणीला आधी कुणी सांगितलं असतं, तर तिने तो रोलर घेतलाच नसता.

सीरमचंही तेच. ते कातडीवर लावायला बनवलेलं असतं, कातडीत घालायला नाही. सुया टोचून वर अशी द्रव्यं लावल्यामुळे तीन स्त्रियांच्या चेहऱ्यावर गाठी उठल्याची नोंद २०१४ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोग नियतकालिकात झाली आहे. आपल्या सावळ्या कातडीला तर जखम बरी झाली तरी काळा डाग राहण्याची खोड. ओठांवर जर (तापाच्या पुळ्या) उठते, चामखीळ आहे किंवा जखमेच्या जागी कातडी जाड वाढते, अशांनी सुईच्या वाटेला जाऊच नये. आणि पुतणीचा रोलर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनेही वापरला होता, हे ऐकून मी हादरले. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये सुयांचं फेशियल करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली, असं अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने २०२४ मध्ये जाहीर केलं आहे. सुई ती सुईच, दवाखान्यातली असो की बाथरूममधली.

पुतणीला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. पुळ्या बसल्या, पण डाग जायला काही महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले. साखरपुड्याचे फोटो ती अजून कुणाला दाखवत नाही.

विक्रेत्यांनी अर्ध्या मिलिमीटरपासून पुढचे रोलर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि खोक्यावर सुईची लांबी मराठीत ठळक छापावी, असा नियम व्हायला हवा. आपल्याकडे मागणं छोटं आहे. पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत एवढं छापा: घरी ०.२५ मिलिमीटरच्या वर नाही, पुळ्या असताना नाही, दुसऱ्याचा रोलर नाही, वापरण्याआधी आणि नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायचा, आणि त्या दिवशी साध्या मॉइश्चरायझरखेरीज काही लावायचं नाही.

– एक निवृत्त परिचारिका, मिरज