वेळापत्रकातील गोंधळामुळे मुलाच्या वर्तनोपचारांचे होत असलेले नुकसान

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. आपल्या कंपनीतर्फे त्याचे वर्तनोपचार घरी सुरू आहेत. नेहमी येणाऱ्या थेरपिस्ट ताईंबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आज तो दात घासून घेतो ते त्यांच्यामुळेच. तक्रार आहे ती त्यांच्या वेळा ठरवणाऱ्या आपल्या ऑफिसबद्दल.

सेशनची वेळ आम्हाला न विचारता परस्पर बदलली जाते. अ‍ॅपवर एक वेळ दिसते, को-ऑर्डिनेटरच्या मेसेजमध्ये दुसरी असते आणि ताईंना तिसरीच सांगितलेली असते. फोन केला की "बघून कळवते" असे सांगतात, आणि पुन्हा फोन मलाच करावा लागतो. स्पीच थेरपी कोणत्या वारी असते, मी कामावरून कधी येते, हे सगळे फॉर्मवर लिहून दिले आहे. तरी को-ऑर्डिनेटर बदलल्या की सगळे पहिल्यापासून सांगायचे, आणि सेशन नेमके स्पीच थेरपीच्याच वेळेवर पडायचे.

ठरलेल्या गोष्टी ठरल्याप्रमाणेच व्हाव्यात ही अशा मुलांची आत्यंतिक गरज असते. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशाच अकरा मुलांवर जो निबंध लिहिला, त्यातही हे नोंदवलेले आहे. आपल्याच सुपरवायझरनी सुचवल्यामुळे आम्ही भिंतीवर चित्रांचे वेळापत्रक लावले आहे आणि त्यावर ताईंचा फोटो असतो. सेशनच्या थोडा वेळ आधी "आज येणार नाहीत" असा मेसेज येतो, तोवर मुलगा त्यांचा फोटो घेऊन दारापाशी गेलेला असतो. मग त्याला समजावताना तो स्वतःच्या हाताला चावतो. त्या संध्याकाळी पुढे काहीच करता येत नाही.

सर्वांत जास्त नुकसान झाले ते बदली थेरपिस्ट पाठवल्यामुळे. टॅब्लेट हवा असला की माझा मुलगा किंचाळायचा. किंचाळल्यावर टॅब्लेट द्यायचा नाही, चित्रकार्ड हातात आणून दिले की लगेच द्यायचा, असे त्याच्या उपचाराच्या योजनेत ठरले होते. सुरुवातीला किंचाळणे उलट वाढले. तसे होणारच, असे सुपरवायझरनी आधी सांगितले होते, म्हणून घरातल्या सगळ्यांनी ते सहन केले. आजीनेसुद्धा. हळूहळू तो कार्ड आणून द्यायला लागला. आणि मग एका दुपारी योजना न वाचलेली बदली थेरपिस्ट आली. तो किंचाळल्यावर तिने त्याला गप्प करण्यासाठी टॅब्लेट दिला.

कधी मिळते, कधी मिळत नाही, असे झाले की ते वर्तन सर्वांत चिवट होते, हे आपल्याच पालक प्रशिक्षणात मला शिकवले आहे. तसेच झाले. किंचाळणे परत आले, आधीपेक्षा जास्त वेळ टिकू लागले, आणि कार्ड बाजूला पडले. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला योजनेचा कागदच मिळाला नव्हता. "मला फक्त पत्ता पाठवला," असे तिने मला सांगितले. वेळापत्रकात रिकामी जागा दिसली आणि ती भरली, एवढाच विचार ऑफिसने केला. वेळापत्रक हा उपचाराचाच भाग आहे, हे आपल्या ऑफिसमध्ये कोणाला तरी पटायला हवे.

पैशांबाबतही अन्याय आहे. आम्ही २४ तासांच्या आत सेशन रद्द केले तर पूर्ण शुल्क लागते, मूल तापाने फणफणलेले असले तरी. आपण आयत्या वेळी रद्द केले तर मात्र साधी दिलगिरीही नाही, आणि मी घेतलेली अर्ध्या दिवसाची रजा वाया जाते. त्यातच न झालेली काही सेशन बिलात लावली आहेत. सुपरवायझरच्या भेटीही पुढे ढकलल्या जात आहेत. त्यामुळे किंचाळण्याच्या नोंदी ताई इमाने लिहितात, पण त्या पाहून योजना बदलणारे कोणी येत नाही.

आमच्या कुटुंबासाठी एकच को-ऑर्डिनेटर नेमावी आणि ती बदलली तर आमची माहिती लेखी पुढे द्यावी. बदल असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत फोनवर कळवावे. बदली थेरपिस्टने आधी योजना वाचावी आणि निदान एकदा ताईंसोबत येऊन मुलाशी ओळख करून घ्यावी. हे जमणार नसेल तर त्या दिवशी कोणालाही पाठवू नये, सेशन बुडाले तरी चालेल. रद्द करण्याचा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू करावा आणि न झालेल्या सेशनचे पैसे परत करावेत. टॅब्लेटच्या योजनेसाठी सुपरवायझरची भेट याच आठवड्यात हवी, कारण ती जितकी लांबेल तितके आमच्या मुलाला जड जाईल.

आठ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. बिलांच्या प्रती आणि मेसेजचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपल्याकडे उपचार घेणाऱ्या मुलाची आई