हंगाम संपल्यावर काय?

महोदय,

विकासदर वाढल्याच्या बातम्या वाचल्या की मला आमच्या किनाऱ्यावरची रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे मोठे जाळे, आठवते. जाळे ओढायला हात लावील त्याला मासळीत वाटा. मालकाचा मोठा, इतरांचा लहान, पण रिकामी टोपली घेऊन सहसा कोणी घरी जात नाही.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तारकर्ली-देवबागात पैसा आला, हे खरेच. ज्याच्या नावावर किनाऱ्यालगत चार गुंठे होते त्याने न्याहारी-निवास काढला, मुलांना शिकवले. गरिबी अशीही हटते, आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण जमीनच नव्हती त्यांचे काय? मासळी निवडणाऱ्या बायका आता खोल्या झाडतात, चादरी धुतात. तेही मे अखेरपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, पर्यटक तुरळक. दोन्ही चुली एकदमच थंडावतात. (मग वाण्याची वही जाड होते.)

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बागेत राखणीला असलेल्या नेपाळी गड्याला त्याने काय फरक पडला, हे कोणी विचारल्याचे ऐकले नाही.

दरडोई उत्पन्नाच्या सरासरीत बंगलेवाला आणि चादरी धुणारी एकाच ओळीत बसतात. तेव्हा आपल्या वार्ताहराने एकदा ऐन जुलैत आमच्या वाडीत यावे, आणि मजुरी किती दिवस मिळाली एवढेच घरोघर विचारावे.

– एक वाचक, ता. मालवण