बाबांच्या स्वेटरची पाच पदरी लोकर

अ‍ॅबर्डीन,
१४ ऑक्टोबर

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

तू बाबांच्या स्वेटरसाठी मऊ लोकर मागितली होतीस, आणि मी पाठवली आहे ती हाताला चांगलीच कडक लागेल. पार्सल उघडून तू नाराज होण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावे, एवढीच इच्छा.

गेल्या वर्षी इथून पाठवलेला तयार स्वेटर आठव. लोण्यासारखा मऊ होता आणि संक्रांतीपर्यंत त्याच्या कोपरांवर गोळे आले. मऊ लोकरीचे तंतू बहुधा आखूड आणि पीळ सैल असतो. घासले की टोके बाहेर येऊन एकमेकांत गुंततात. या लोकरीत लांब तंतू विंचरून, आखूड काढून टाकून, एका दिशेने लावलेले असतात आणि मग पाच पदर घट्ट पिळलेले असतात. त्यामुळे धागा गुळगुळीत राहतो आणि उलट-सुलट टाक्यांची नक्षी त्यावर कोरल्यासारखी उठते.

ही इकडच्या, स्कॉटलंडच्या कोळ्यांची लोकर. त्यांच्या स्वेटरला ‘गॅन्सी’ म्हणतात. अ‍ॅन्स्ट्रदर गावच्या मासेमारीच्या संग्रहालयात हे स्वेटर पाहताना मला पदोपदी तुझी आठवण झाली, कारण नक्षीपेक्षा त्यांच्या बांधणीत जास्त डोके लढवलेले आहे. बुडालेला कोळी स्वेटरच्या नक्षीवरून ओळखला जाई, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. मला ती फारशी पटत नाही. हेरिंग मासे साफ करणाऱ्या मुली बोटींच्या मागोमाग उत्तरेच्या शेटलंड बेटांपासून खाली इंग्लंडातल्या यार्मथपर्यंत बंदरोबंदरी जात आणि हाताला उसंत मिळाली की विणत बसत. अशाने शिडी, दोरखंड, माशाचा काटा हे नमुने एका गावापुरते कसे राहणार?

आता विणण्याचे. सुया २.२५ मिलिमीटरच्या, गोल, सोबत ठेवल्या आहेत. इंचाला आठ टाके बसले पाहिजेत. बाबांची छाती ३८ इंच, दोन इंच सैल धरून ३२० टाके घाल. एवढी घट्ट वीण तुला कंटाळवाणी वाटेल, पण वारा अडतो तो तिच्यामुळेच. पाठ-पोट वेगळे न करता गोल विणत जायचे म्हणजे बाजूला शिवण येत नाही, आणि बगलेत सदऱ्याला असते तशी चौकोनी कळी काढायची म्हणजे हात वर केला तरी स्वेटर ओढला जात नाही. पुढचा-मागचा गळा सारखाच ठेव. आलटून पालटून घातला की झीज वाटली जाते.

बाही मात्र तू नेहमी मनगटापासून वर विणतेस, तशी या वेळी विणू नकोस. खांद्याच्या कडेवरून टाके उचलून खाली मनगटाकडे ये. आधी फाटते ती मनगटाची पट्टी. बाही वरून खाली विणलेली असली की पट्टीचा शेवट सोडवून तेवढीच उसवता येते आणि नव्या धाग्याने पुन्हा विणता येते. तुझ्या रीतीने विणलेल्या बाहीची सुरुवातीची कड अशी सरळ उसवत नाही. म्हणूनच शंभर शंभर ग्रॅमच्या आठ लड्या पाठवल्या आहेत, सगळ्या एकाच वेळी रंगवलेल्या. माझ्या हिशेबाने सात पुरतील. आठवी दुरुस्तीसाठी ट्रंकेत कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यात ठेव, तिची टोपी करू नकोस.

धुलाईयंत्रात स्वेटर कधीही टाकू नकोस. मी माझी टोपी गरम पाण्यात फिरवली आणि ती बाहुलीच्या मापाची झाली. कोमट पाण्यात दाबून धुवायचे, पिळायचे नाही, टॉवेलवर पसरून सावलीत वाळवायचे.

बाबांना सांग, पहिले काही दिवस टोचेल. आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा. अंबाझरी तलावावर पहाटे धुके असते, तेव्हा ही लोकर हवेतला ओलावा पिऊनही अंगाला ओली लागत नाही.

बगलेच्या कळीपाशी पोहोचलीस की रविवारी फोन कर, मी समोर विणून दाखवते.

तुझी,
थोरली